कर्ता पुरुष दवाखान्यात कधी जातो?

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोण उभे असते? कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेल्या आजीबाई, नातवाला डोस पाजायला आणलेले आजोबा. तीस ते पन्नास या वयाचा, दिसायला धडधाकट असा पुरुष या रांगेत शोधून सापडत नाही. तो त्या वेळी शहाडहून सुटलेल्या लोकलच्या दारात लोंबकळून मुंबईकडे गेलेला असतो, कारखान्यात पहिल्या पाळीवर असतो, कल्याणच्या नाक्यावर गवंड्याच्या हाताखाली काम मिळते का म्हणून उभा असतो, नाहीतर रात्रपाळी करून तोंडावर चादर ओढून झोपलेला असतो. हा मनुष्य दवाखान्यात जात नाही. त्याला नेतात. रिक्षात घालून, दोघांनी धरून, रात्री-अपरात्री नेतात, आणि मग डॉक्टर विचारतात, "इतके दिवस काय करत होता?"

प्रश्न विचारून डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातात. घरच्या बाईला मात्र त्याचे उत्तर ठाऊक असते. ते उत्तर आम्ही आज या पानावर मांडणार आहोत, कारण ज्या घरात एकाच्याच पगारावर चूल पेटते, त्या घरात त्या एकाचे आजारपण म्हणजे मुलांची फी, घरभाडे आणि किराणा, सगळेच एकदम आजारी पडणे होय.

आधी थोडे आकडे पाहू. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार 2016 ते 2020 या काळात भारतातील पुरुषाचे सरासरी आयुर्मान 68.6 वर्षे होते, तर स्त्रीचे 71.4. निसर्गाने बाईला थोडे अधिक आयुष्य दिले आहे हे खरे. पण सगळा दोष निसर्गावर टाकता येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. स्त्रियांत हेच प्रमाण 21 टक्के होते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 34 टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे दिसले. स्त्रियांचे प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास होते. क्षयरोगाचे रुग्णही देशभर पुरुषांतच अधिक आढळतात. म्हणजे ज्याला डॉक्टरची गरज जास्त, तोच डॉक्टरचे तोंड सर्वांत उशिरा पाहतो.

असे का होते? "पुरुष हट्टी असतात," असे आमच्या भगिनी म्हणतात. त्यात तथ्य आहेच, पण ते अर्धेच. उरलेले अर्धे रोजाच्या हिशेबात आहे. समजा, एखाद्याला दिवसाचे सातशे रुपये मिळतात. सरकारी दवाखान्यात केसपेपर जवळजवळ फुकट, गोळ्याही फुकट. परंतु पहिल्या दिवशी डॉक्टर तपासून रक्त-लघवी लिहून देणार, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे. तीन खाडे झाले. या फुकटच्या औषधाची किंमत दोन हजार शंभर रुपये पडली. ठेकेदाराकडे कामाला असेल तर चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. म्हणून तो संध्याकाळी कामावरून येताना मेडिकलच्या दुकानात थांबतो, "अंगदुखीची द्या" म्हणतो, दहा रुपयांत मोकळा होतो. फारच झाले तर गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेतो, अशक्तपणा वाटला तर बाटली चढवून घेतो. बाटलीतल्या मिठा-साखरेच्या पाण्याने रक्तदाब उतरत नाही, साखर तर नाहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते, आणि त्याला तेवढेच हवे असते.

दवाखान्यांच्या वेळा कोणाची सोय पाहून ठरविल्या गेल्या, हा प्रश्न आम्हास नेहमी पडतो. मुंबईत 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 'आपला दवाखाना' ही योजना सुरू झाली. तिथे दुपारच्या तासाभराच्या सुट्टीखेरीज सकाळी सात ते रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवण्याची वेळ ठरविण्यात आली. औषधापेक्षाही हा वेळेचा बदल कष्टकरी पुरुषाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शहाडचा कामगार एका बाजूला कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतो, थोडे पुढे गेले की उल्हासनगर महापालिकेची हद्द लागते. मते मागायला दोन्हीकडचे उमेदवार येतात. त्यांना वस्तीने इतकेच विचारावे की, आमच्या भागातला दवाखाना रात्री आठ वाजता उघडा असेल काय?

आता हट्टाकडे वळू. मुलगा पडला, गुडघा फुटला, रडू लागला की आपण काय म्हणतो? "मुलीसारखा काय रडतोस?" दहा-बारा वर्षे हे ऐकून वाढलेला मुलगा चाळिशीत छातीत कळ आली तरी "गॅस झाला असेल" म्हणतो. दुखणे सांगणे म्हणजे कमीपणा, औषध घेणे म्हणजे म्हातारपण, असे त्याच्या मनात घट्ट बसलेले असते. मग घराघरांतून डॉ. बाबासाहेबांचे उदाहरण दिले जाते, की त्यांनी देह झिजविला, आजाराची पर्वा केली नाही. देह झिजविला हे खरेच. पण बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यासाठी ते इन्सुलिन घेत, डॉक्टरांचे उपचार घेत, हेही तितकेच खरे आहे, आणि ते आपण मुलांना सांगत नाही.

बाईचा दवाखान्याशी संबंध पहिल्या बाळंतपणापासून जुळतो. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचे इंजेक्शन, पुढे मुलांच्या लसी. पाच-सात वर्षे तिची ये-जा चालू राहते आणि नर्सबाई ओळखीची होते. पुरुषाला असे निमित्तच नाही. एक निमित्त होते, नसबंदीचे, तेही त्याने बाईच्या गळ्यात घातले. वर सांगितलेल्या 2019-21 च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ 38 टक्के स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के! वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, थोड्या वेळात होणारी, पोट न उघडता होणारी. तिने ताकद जात नाही, जड काम करता येत नाही असेही नाही. या विषयावर महाराष्ट्रात 1921 पासून र. धों. कर्वे यांनी केंद्र चालविले, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. पुढे 1938 साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही बाबासाहेबच होते. तेव्हा निदान आपल्या घरांतून तरी "मी कशाला करू, तू कर" हे उत्तर शोभत नाही.

रेयॉनचे गाव

शहाड म्हटले की सेंच्युरी रेयॉन, आणि मोहन्याचे नाव काढले की नॅशनल रेयॉन. मोहन्याचा कारखाना 2009 साली बंद पडला आणि तिथल्या कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. शहाडचा चालू आहे. या पट्ट्यातील हजारो घरे दोन पिढ्या रेयॉनवर जगली. तेव्हा या धंद्याविषयी जगात काय कळले आहे ते आपल्या घरांत माहीत असावे.

लाकडाच्या लगद्यापासून रेयॉन होतो. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाईड नावाच्या द्रवाची प्रक्रिया करतात, घट्ट मधासारखा रस तयार होतो, तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला की धागा होतो. कार्बन डायसल्फाईड चटकन उडून जाते आणि चटकन पेट घेते. 23 सप्टेंबर 2023 रोजी शहाडच्या कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, ते शहाडमधील कोणी विसरलेले नाही. स्फोट दिसतो, ऐकू येतो. पण हाच वायू थोडा थोडा, वर्षानुवर्षे नाकावाटे गेला तर काय होते ते दिसत नाही. हातापायांना मुंग्या येतात, झोप उडते, स्वभाव चिडका होतो, विसरभोळेपणा वाढतो. ब्रिटनमधील संशोधकांनी रेयॉन कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून 1968 साली असे दाखविले की, या कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू इतरांपेक्षा जास्त होते. आपल्याकडेही 1948 च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात या विषबाधेचा समावेश झालेला होता.

दक्षिण कोरियात सोल शहराजवळ वोनजिन रेयॉन नावाचा कारखाना होता. जपानमध्ये वापरून झालेली जुनी यंत्रे तिथे बसविलेली होती. कामगारांना पक्षाघात होऊ लागले, बोलणे अडखळू लागले, माणसे अंथरुणाला खिळली. बरीच वर्षे प्रत्येकाला वाटत राहिले की, हे आपल्या एकट्याचेच नशीब. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कामगार आणि त्यांच्या बायका एकत्र आल्या, तेव्हा कळले की घरोघरी हेच दुखणे आहे. दीर्घ लढ्यानंतर 900 हून अधिक कामगारांना विषबाधा झाल्याचे मान्य झाले. 1993 साली कारखाना बंद झाला. भरपाईच्या पैशातून या लोकांनी काय उभे केले? स्वतःचे रुग्णालय! सोलमधील ग्रीन हॉस्पिटल 2003 साली त्यातूनच सुरू झाले.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. मुंग्या मधुमेहानेही येतात, चिडचिड कर्जानेही होते. परंतु आमच्या माणसांची एक खोड अशी की, डॉक्टरला "पाय दुखतात" एवढेच सांगतात; कोणत्या खात्यात, किती वर्षे, कशात हात घालून काम केले ते सांगत नाहीत. डॉक्टरही विचारत नाही. तेव्हा केसपेपरवर आपल्या नावाखाली आपले काम लिहून घ्यावे. स्पिनिंग खाते, बॉयलर, रंगकाम, दगडफोड, गटारसफाई, जे असेल ते. निवृत्त झालेल्यांनीही लिहून घ्यावे.

हक्काचे दवाखाने

"ईएसआयचे पैसे कापतात, मिळत काही नाही," हे वाक्य शहाड-उल्हासनगरात चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. ही कामगार विमा योजना कोठून आली हे आपल्याला ठाऊक असायला हवे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1943 च्या मार्चमध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. त्यांनी 1944 च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यावर 1948 चा कायदा उभा राहिला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

यात कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेला कामगार यात येतो. ठेकेदाराचा माणूसही येतो. औषधोपचार त्याला, पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही मिळतो. पण आम्ही जिथे जिथे विचारले तिथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. ती अशी की, आजारपणाच्या खाड्याचेही पैसे मिळतात. सहा महिन्यांच्या हप्त्याच्या मुदतीत 78 दिवसांचे हप्ते भरले असतील, तर विमा डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळते. क्षय, कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार अशा 34 दीर्घ आजारांत, दोन वर्षे नोकरी व ठरलेले हप्ते पूर्ण असतील तर, 80 टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतही मिळू शकते. वर आम्ही सातशे रुपये रोजाचा हिशेब मांडला, त्याला उत्तर कोठे असेल तर ते इथे आहे. मग अडते कोठे? कामगाराला आपला विमा नंबर माहीत नसतो. ठेकेदार कापतो, पण भरतो की नाही हे कोणी पाहत नाही. कार्डावर लग्नाआधीचीच नावे, बायको-मुलांची नोंदच नाही. ही कामे बिघडल्यावर करायची नसतात. पगाराची पावती घरातल्या शिकलेल्या मुलाने-मुलीने हातात घेऊन दर महिन्याला पाहिली तरी पुष्कळ झाले.

ज्यांना हा विमा नाही, त्यांच्यासाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंतची सोय आहे. रात्री छातीत दुखले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर लिंबूपाणी-सोडा करीत बसू नये. 108 ला फोन करावा.

घरच्या बाईला काही गोष्टी डॉक्टरच्या आधी दिसतात. दोन आठवडे खोकला थांबत नाही, संध्याकाळी अंग कोमट लागते, पँटचा पट्टा दोन भोके आत गेला, असे दिसले की थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षयाचे औषध फुकट मिळते, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद झाली. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि तिथेच पुरुष औषध सोडतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. नवरा तंबाखू-गुटखा खात असेल (गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर तो कोणाला मिळत नाही?) तर त्याला एक दिवस तोंड उघडायला सांगावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील, तिखट लागले की आग होत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर थेट डॉक्टरकडे न्यावे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

दारूविषयी या पानावर पुष्कळ लिहिले जाते, म्हणून आज थोडक्यात. दारूमागे कधी कधी न सांगितलेले दुखणे असते. कंबर रात्रभर ठणकते म्हणून पिणारा असतो, झोप येत नाही म्हणून पिणारा असतो, काम सुटले ते घरी सांगता येत नाही म्हणून पिणारा असतो. 2022 साली देशात सुमारे 1 लाख 70 हजार आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष सुमारे 1 लाख 22 हजार होते. एकूण संख्येत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. मनावर ताण असेल तर 14416 या सरकारी फोनवर मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. पुरुषाने फोन करणे कठीण, हे आम्ही जाणतो. बायकोने, बहिणीने नंबर लावून त्याच्या हातात द्यावा.

हे सर्व आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेले लॅटिनो मजूर बांधकामावर, शेतात, हॉटेलांच्या मोऱ्यांवर राबतात. आरोग्य विमा नसलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात फार मोठे आहे, आणि डॉक्टरकडे जाणे हे त्यांचेही शेवटचे काम असते. तिथल्याच लॉस एंजेलिस भागात कृष्णवर्णीय पुरुषांसाठी एक प्रयोग झाला. हे लोक दवाखान्यात येत नाहीत ना, मग जिथे येतात तिथे आपण जाऊ, असा विचार करून रक्तदाब तपासणी थेट केस कापण्याच्या दुकानांत नेली. 52 दुकाने, 319 पुरुष. निम्म्यांना न्हाव्याने फक्त "डॉक्टरला दाखव" असा सल्ला दिला. बाकीच्यांना औषधतज्ज्ञ त्याच दुकानात येऊन भेटत आणि त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने गोळ्या देत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला होता, दुसऱ्या गटाचा 27 अंकांनी. 2018 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शहाडात काही सलूनांची कमी नाही. रविवारी सकाळी प्रत्येक सलूनच्या बाकावर सात-आठ जण वर्तमानपत्र चाळीत बसलेले असतात. विहारातले आरोग्य शिबीर 14 एप्रिलला होते, त्याला येतात त्या बायका आणि म्हातारी माणसे. तरुण मंडळी मिरवणुकीच्या तयारीत असतात. रक्तदाब मोजायचे चांगले यंत्र दीड-दोन हजार रुपयांत येते. महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने एक घेऊन, नर्सिंग शिकणाऱ्या एखाद्या मुला-मुलीला सोबत घेऊन, महिन्यातून दोन रविवार सलूनात बसावे. ज्याचा आकडा 140 च्या वर किंवा खालचा 90 च्या वर येईल त्याचे नाव वहीत लिहावे, पुढच्या खेपेस पुन्हा मोजावे, पुन्हा तसाच आला तर दवाखान्यात सोबत जावे. तिशीच्या पुढच्यांची रक्तदाब-साखरेची तपासणी आणि त्यावरच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड छातीच्या पातळीला असावा. सलूनात नंबर लागेपर्यंत तेवढे बसावेच लागते.